घ-४१ क्रमांकाचा फ्रीज

नंबरवाल्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक होता. टेबल घ-३, आईची खाट घ-११, भिंतीवरचे घड्याळ घ-१७. घ म्हणजे घर. विज्ञान महाविद्यालयात एकोणतीस वर्षे भांडारपाल म्हणून काढलेल्या माणसाला क्रमांक नसलेली वस्तू ही वस्तू वाटतच नाही. कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे खोलीत शिरलेली ती एक अफवा वाटते. आलेला माल आधी नोंदवहीत चढवायचा, मग काळ्या तैलरंगाने त्यावर क्रमांक घालायचा आणि मगच तो वापरात काढायचा, हा महाविद्यालयाचा नियम त्यांनी घरीही आणला होता. थर्मामीटरसारख्या ज्या नाजूक वस्तूंवर रंग टिकत नाही, त्यांना दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, हा त्याच नियमातला पोटनियम. इमारतीतले लोक त्यांना नंबरवाले म्हणत. ते नाव टिंगलीचे आहे हे ठाऊक असूनही त्यांना ते मनातून आवडत असे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात आपण आरशाकडे पाठ करून, मागे काही लिहिलेले नाही ना, हे पाहून घेतले होते, असे त्यांची पत्नी पाहुण्यांना सांगे. पाहुणे हसत. नंबरवाले हसत नसत. क्रमांक हा चेष्टेचा विषय नव्हे.

तर ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी, घ-९ गेला. घ-९ म्हणजे फ्रीज. दुरुस्तीवाल्याने त्याची पाठ उघडली, आत एकदा पाहिले आणि एखाद्या घरात वाईट बातमी सांगावी तशा आवाजात सांगितले, "एकोणीस वर्षं चालला ना साहेब? मग आता त्याला त्रास नका देऊ."

दूध नासते, भाजी सुकते, त्याचे कुणाला फारसे काही नव्हते. प्रश्न होता तो दाराच्या कप्प्यातल्या एका बोटभर बाटलीचा. आईचे इन्सुलिन त्या बाटलीत होते. आईला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले होते; गेली बारा वर्षे ती सकाळी आणि संध्याकाळी, साडेसातच्या ठोक्याला, स्वतःच्या हाताने सुई टोचून घेत असे, आणि नंबरवाले वहीत बरोबरची खूण करत असत. डॉक्टरांनी बजावून ठेवले होते, की ह्या हवेत बाटली फ्रीजबाहेर राहता कामा नये, उष्णतेने औषध मरते. बाहेरून पाहून ते कळतही नाही.

बाटली समोरच्या घरी गेली. समोर विमावाले राहत. गृहस्थ विम्याचा धंदा करीत आणि सल्ले विनामूल्य देत. बायकोचा स्वभावही तसाच परोपकारी होता. "ठेवा हो वहिनी, अंड्यांच्या शेजारी ठेवा," त्या म्हणाल्या. "आजींचं औषध म्हणजे आमचंच औषध." दोन-तीन दिवसांचा प्रश्न होता. निदान तेव्हा तसे वाटले होते.

"दुकानातून घेऊन टाकू या आजच," पत्नी म्हणाली. "बाजारातला तो आपल्या ओळखीचा आहे."

"ओळखीचा आहे म्हणूनच जाऊ नका," विमावाले म्हणाले. ते तोवर आत येऊन बसलेही होते. "ओळखीचा माणूस गोड बोलून गोदामात पडलेला माल गळ्यात मारतो, आणि आपल्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. ऑनलाइन घ्या. चार हजारांचा फरक पडतो. आवडला नाही तर सात दिवसांत परत. कुणाचं तोंड बघायला नको, की कुणाचा चहा प्यायला नको."

ह्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही, आणि नंबरवाल्यांसारख्या विचारी माणसाला तर त्यात तथ्यच तथ्य दिसले. त्यांनी फोनवर ती ऑनलाइन बाजारपेठ उघडली मात्र, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटले, की जगाने व्यापार करावा तर असा. प्रत्येक फ्रीजची उंची, रुंदी, विजेचा खप, आवाज किती, सगळे रकान्यांत लिहिलेले. दुकानातला माणूस 'साहेब, डोळे मिटून घ्या' म्हणतो; इथे कुणी डोळे मिटायला सांगत नव्हते. त्यांनी चौदा फ्रीजांचा तुलनात्मक तक्ता केला. तीनशे अकरा लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने केवळ रंग पडद्यांना शोभत नाही म्हणून एकच तारा दिला होता. त्याचे मत त्यांनी बाद ठरवले. तक्त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रीज मागवला, आणि आईला रक्त तपासायला दर वेळी जिने उतरावे लागू नयेत म्हणून सोबत साखर मोजायचे एक छोटे यंत्रही मागवले.

यंत्र दुसऱ्याच दिवशी आले. नंबरवाल्यांनी त्याच सकाळी लॅबमध्येही तपासणी करून घेतली. लॅबची साखर एकशे बासष्ट, यंत्राची एकशे एकोणसाठ. "बघ!" ते आईला म्हणाले. त्यांनी त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, घ-४०, आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'अचूक'. हा शब्द त्यांनी त्या वहीत ह्यापूर्वी फक्त फूटपट्टीसाठी वापरला होता.

फ्रीज आला तो मात्र खाली, रस्त्यावर.

"आमचं काम दारापर्यंत," आणणारा म्हणाला.

"दार तिसऱ्या मजल्यावर आहे."

"इमारतीचं दार म्हणतोय मी," तो म्हणाला आणि सही घेऊन गेला.

मग चार माणसे, दोन दोर आणि विमावाले अशा सामग्रीनिशी फ्रीज वर चढू लागला. विमावाले वरच्या पायरीवरून सूचना देत होते. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर फ्रीज अडला, तेव्हा त्यांनी "आडवा करा, आडवा!" असा हुकूम सोडला. तो आडवा झाला, मग उभा झाला, पुन्हा आडवा झाला. दारात पोचला तेव्हा एका माणसाच्या अंगठ्याचे नख गेले होते आणि विमावाल्यांचा घसा बसला होता.

कंपनीचा माणूस येऊन चालू करून देईपर्यंत फ्रीजला हात लावू नये, असे खोक्यावर लिहिले होते. नंबरवाल्यांनी बटणाला हात लावला नाही. पण नोंद झाल्याशिवाय वस्तू घरात राहते कशी? त्याच संध्याकाळी त्यांनी फ्रीजच्या पाठीवर, कंपनीच्या क्रमांकाच्या पट्टीला लागूनच, तळहाताएवढ्या अक्षरांत घ-४१ असे लिहिले. पहिला हात वाळल्यावर दुसरा दिला. अक्षर सुरेख आले होते.

दुसऱ्या दिवशी माणूस आला, त्याने बटण दाबले, फोटो काढला आणि तो गेला. आतला दिवा लागला. फ्रीज घुमू लागला. चार तासांनी पाहिले तर दिवा लागतच होता, फ्रीज घुमतच होता. फक्त गार होत नव्हता. नंबरवाल्यांनी थर्मामीटर ठेवला. बाहेर एकोणचाळीस अंश, आत सदतीस. दोन अंशांचा फरक विमावाल्यांना आशादायक वाटला. "दम धरा. नवीन आहे. रुळायला वेळ लागतो," ते म्हणाले.

दम धरण्यात एक दिवस गेला. मग तक्रारीचा फोन. तिकडून एक बाई अतिशय मार्दवाने सांगत होत्या, की आपला फोन आम्हाला मोलाचा आहे. आईने हात पुढे करून फोन मागून घेतला. आईने पस्तीस वर्षे टेलिफोन केंद्रात ऑपरेटर म्हणून काम केले होते. आवाजाच्या बाबतीत घरात तिचा शब्द अखेरचा होता. तिने अर्धा मिनिट ऐकले आणि फोन परत दिला.

"ठेव. तिथे कुणी नाहीये."

"बोलतायत ना त्या!"

"श्वास घेत नाही ती. खरी बाई दोन वाक्यांमध्ये श्वास घेते. आम्ही शिव्या खाल्ल्या लोकांच्या, पण श्वास घेऊन खाल्ल्या."

मग लेखी तक्रार. तीत एक प्रश्न होता: 'वस्तू आडवी केली होती का?' होय आणि नाही अशी दोनच उत्तरे होती. "नाही म्हणून टाका," विमावाले म्हणाले. "कोण बघायला येतंय?" परंतु नंबरवाल्यांनी होय केले आणि खाली जागा होती तिथे लिहिले, 'दोन वेळा, एकूण अंदाजे अकरा मिनिटे.' ह्या प्रामाणिकपणाचा परिणाम असा झाला, की बाजारपेठेने तक्रार कंपनीकडे पाठवली, कंपनीने ती विक्रेत्याकडे पाठवली, आणि विक्रेत्याने आपण फ्रीज उभा दिला होता, असे कळवले.

तरीही सातव्या दिवशी परत न्यायला माणूस आला. हे सांगायला हवे. तो घामाघूम होऊन वर आला, पाणी प्याला, आणि हातातल्या फोनवर एकेक प्रश्न वाचत फ्रीजभोवती फिरला. पाठीमागे गेल्यावर तो थांबला.

"हे काय लिहिलंय?"

"तो आमचा नोंदणी क्रमांक आहे," नंबरवाले म्हणाले.

"म्हणजे सेकंडहँड आहे का?"

"सेकंडहँड? अहो, सहा दिवसांपूर्वी तुम्हीच दिलाय!"

"काका, इथे विचारलंय, 'वस्तूवर खूण आहे का?' मी नाही लिहिलं तर माझ्या पगारातून कापतील. हे पुसून ठेवा. पुन्हा कळवा. मी येतो." आणि जाता जाता त्याने उगाचच, मनापासून, म्हटले, "अक्षर छान आहे."

तैलरंगाचे दोन हात पाण्याने जात नाहीत. महाविद्यालयाच्या भांडारात मात्र असे एक रसायन होते, की ज्याच्यापुढे रंगाचे काही चालत नाही. एकोणतीस वर्षांत टाचणी घरी न आणलेल्या नंबरवाल्यांनी ते शंभर मिलिलिटर आणले. पण मागणीपत्र लिहून आणले. मागणारा म्हणून स्वतः सही केली, देणारा म्हणून स्वतः सही केली, आणि 'प्रयोजन' ह्या रकान्यापुढे बराच वेळ बसून 'चूक दुरुस्ती' असे लिहिले. रसायन उत्तम होते. त्याने घ-४१ पुसले आणि शेजारच्या पट्टीवरचा कंपनीचा छापील क्रमांकही पुसला. आता त्या फ्रीजला जगात कुठलाच क्रमांक नव्हता. पुढच्या खेपेला तोच माणूस आला, पाठीमागे जाऊन कोऱ्या पट्टीकडे पाहत राहिला, आणि पाणीसुद्धा न पिता उतरून गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: वस्तूची ओळख पटत नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

"मी सांगते, दुकानातून दुसरा आणू या," पत्नी म्हणाली.

"एक घरात असताना?"

"अहो, तो फ्रीज नाहीये. ते दिव्याचं कपाट आहे."

"मी ग्राहक मंचाकडे जाणार आहे," नंबरवाले म्हणाले. "प्रश्न फ्रीजचा राहिलेला नाही. तत्त्वाचा आहे."

तत्त्वाच्या गोष्टीला वेळ लागतो. तेवढ्या काळात आई मात्र दररोज दोनदा समोरच्या दाराची घंटा वाजवत होती. दहा पावलांचे अंतर. सकाळी साडेसातला विमावाल्यांकडे आंघोळींची घाई, संध्याकाळी साडेसातला टीव्ही. दार उघडायला वेळ लागे. "या आजी, औषध ना? घ्या हं, तुम्हीच घ्या काढून," असे आतून ऐकू येई. एकदा विमावाल्या वहिनींनी मुलाच्या वाढदिवसाचा केक ठेवायला जागा केली, तेव्हा बाटली वर बर्फाच्या कप्प्यात सरकवली. ती गोठली आणि फेकावी लागली. "अगं बाई! जास्त गार म्हणजे जास्त चांगलं ना?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आले. नवी बाटली आणली. तीही तिथेच गेली. मग एका संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे असताना आई औषधासाठी तिकडे गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा तिने टेलिफोन केंद्रातून आणलेला होता. कुणाचेही काहीही ऐकून न हलणारा.

"काय झालं?" पत्नीने विचारले.

"काही नाही. पाहुण्यांना सांगत होती ती, ह्यांचं औषध आम्हीच सांभाळतो, बिचाऱ्यांकडे फ्रीज नाही."

"चांगल्या मनानं म्हणाल्या असतील."

"चांगल्या मनानंच म्हणाली. म्हणून तर उत्तर देता आलं नाही."

त्यानंतर आईने त्या विषयाचा उच्चार केला नाही. साडेसातला ती बाहेर जाई, साडेसात वाजून पाच मिनिटांनी परत येई आणि हात दाखवी. नंबरवाले खूण करीत. वहीत एकही चौकोन रिकामा नव्हता.

आणि तेव्हाच घ-४० बिघडले. चौथ्या आठवड्यात त्याने एकदम दोनशे नव्वद दाखवले. दोन दिवसांनी तीनशे चाळीस. मग चारशे दहा. नंबरवाल्यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट केले. वही उघडून समोर ठेवली. सगळ्या खुणा होत्या. खाणेपिणे तेच होते. औषध वेळेवर गेले आहे, हे लेखी होते. यंत्राचे म्हणणे तोंडी होते.

"एकदा लॅबमध्ये नेऊन आणू या," पत्नी म्हणाली. "आई दमलेल्या दिसतात. सारखं पाणी पितात."

"ह्या उन्हात कोण पाणी पीत नाही?" आई चटकन म्हणाली. "आणि ह्याचं ऑनलाइन आलेलं काही धड असतं का? फ्रीज गार होत नाही, यंत्र मोजत नाही. उद्या घड्याळ मागव, उलटं फिरेल."

हा टोमणा नंबरवाल्यांना लागला. आपण त्याच दिवशी, त्याच कंपूकडून, एकाच हिशेबात दोन वस्तू घेतल्या. त्यातली एक फसवी निघाली, तर दुसरी खरी का असावी? त्यांनी वहीतला 'अचूक' हा शब्द पट्टी धरून खोडला. तीस दिवसांत विनाप्रश्न परत, अशी यंत्राची हमी होती. सत्ताविसावा दिवस होता. त्यांनी दोऱ्याची गाठ सोडली, चिठ्ठी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली, यंत्र पुसून खोक्यात भरले आणि परतीची विनंती केली.

माणूस दोन तासांत आला. यंत्रावर कसलीही खूण नव्हती. ओळखपट्टी शाबूत होती. त्याने दारातच ते घेतले, पावती दिली, आणि जिना उतरायच्या आत पैसे परत आल्याचा निरोप आला. बदली यंत्र आठवड्याभरात येणार होते. इतकी सुरळीत परतफेड नंबरवाल्यांनी सरकारी व्यवहारातही पाहिली नव्हती. "ह्याला म्हणतात शिकणं," ते पत्नीला म्हणाले. गेल्या महिनाभरात त्यांची मान पहिल्यांदाच ताठ झाली होती.

नवव्या दिवशी दुपारी, बदली यंत्र अजून यायचेच असताना, आई खाटेवरून उठताना पडली. पायातला मोजा काढला, तर चपलेने करंगळीजवळ काढलेला फोड काळा पडला होता. तो कधीचा होता हे तिलाही ठाऊक नव्हते. त्या पायाला बरेच दिवसांपासून काही कळत नव्हते. अंग तापाने फणफणले होते आणि ती नंबरवाल्यांना टेलिफोन केंद्रातल्या कुणा साहेबाच्या नावाने हाक मारत होती.

इस्पितळात न्यायचे कपडे काढताना पत्नीला आईच्या कपाटात, घडीच्या कपड्यांमागे, ओल्या रुमालात गुंडाळलेली ती बोटभर बाटली सापडली. रुमाल केव्हाच वाळला होता. बाटली हाताला चांगली कोमट लागली. पत्नी ती तशीच घेऊन समोर गेली.

"आमच्याकडे?" विमावाल्या वहिनी म्हणाल्या. "तीन आठवडे झाले की! आजी स्वतःच घेऊन गेल्या. म्हणाल्या, आमचा फ्रीज सुरू झाला. मला किती बरं वाटलं होतं."

म्हणजे साडेसातला आई बाहेर जाई ती जिन्याच्या खिडकीपर्यंत. तिथे उभी राहून, बरोबर नेलेल्या बाटलीतून तितकीच मात्रा भरून, तितक्याच नेमाने ती मेलेले औषध टोचून घेई आणि हात दाखवायला परत येई. वहीतली एकही खूण खोटी नव्हती.

शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या आणि दमल्या होत्या.

"दोन बोटं काढावी लागली. पाय वाचेल असं आत्ता तरी वाटतंय. आणखी दोन दिवस काही सांगता येत नाही. साखर सव्वापाचशे होती. घरी मोजायचं यंत्र नव्हतं का तुमच्याकडे?"

"होतं," नंबरवाले म्हणाले.

"मग?"

"परत केलं."

"बिघडलं होतं?"

नंबरवाल्यांनी खिशात हात घातला. दोऱ्याची चिठ्ठी हाताला लागली. "नाही," ते म्हणाले. "बरोबर होतं."

डॉक्टरांना वाटले, ह्यांना प्रश्न कळला नाही. त्या पुढच्या खोलीत गेल्या.

त्याच दिवशी पत्नी इस्पितळातून थेट बाजारात गेली. ओळखीच्या दुकानदाराने चहा पाजला, भाव चार हजारांनी जास्त घेतला, आणि त्याची दोन माणसे फ्रीज पाठीला पट्टा लावून, उभाच्या उभा, तिसऱ्या मजल्यावर चढवून गेली. दिवस मावळायच्या आत तो गार झाला. नंबरवाले कपडे बदलायला घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात दोन फ्रीज शेजारी शेजारी उभे होते, दोन्ही बिनक्रमांकाचे. पत्नीने रंगाचा डबा कुठेतरी ठेवून दिला होता. त्यांनी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला नीट शुद्ध आली. ताप अजून होता. नंबरवाले खुर्ची ओढून शेजारी बसले. मग आईने डावा हात चादरीबाहेर काढला. मनगटावर इस्पितळाची पट्टी होती, तीवर आठ आकडे.

"बघ," ती म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण श्वास घेऊन बोलत होती. "मलाही लावला. बरोबर आहे का तपास."

त्यांनी चष्मा लावला. पट्टीवरचे आकडे आणि पायथ्याशी टांगलेल्या कागदावरचे आकडे एकेक करून जुळवले.

"बरोबर आहे."

"मग चढव वहीत."

"वही आणली नाही."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. पंचावन्न वर्षांच्या ह्या मुलाला ती काही बोलेल, रागावेल, निदान आपण केलेल्या लबाडीबद्दल काही सांगेल, असे त्यांना वाटले. तिने पट्टी बोटाने चाचपली.

"चिठ्ठीच बांधलीय," ती म्हणाली. "रंग नाही. म्हणजे न्यायला आले तर अडचण नाही. लगेच घेऊन जातील."

आणि ती स्वतःच्याच बोलण्याला थोडीशी हसली आणि तिने डोळे मिटले.

नंबरवाले हसले नाहीत. बारीक झालेल्या मनगटावर ती पट्टी सैल फिरत होती. त्यांनी ती आकडे आतल्या बाजूला जातील अशी वळवली, वरून आपली मूठ घट्ट मिटली, आणि कुणी येऊन सोडायला सांगेपर्यंत ते तसेच बसून राहिले.